मोंबासाले देवमन काऊन उतरला

भेतो? मी भेतो त्याले? असं म्हणाला तो? पुंजाजी आजलोक कोणाच्या बापाले नाई भेला, मंग देवमनाले भेईन काय! त्याले म्हणा, मोंबासाच्या बंदरावर तुले कोणं ढकललं नव्हतं. आपल्या पायानं उतरला तू. मायं नाव काऊन घेतं?

आन् तू बी शालिक! स्टँडावरचं हॉटेल बायकोच्या भरवशावर टाकून सायकलवर इथं मळ्यात निरोप घेऊन आला मोठा! निरोप काय, तं "देवमन साडेदहाच्या एसटीनं कायमचा नागपूरले चालला, भावाजवळ. पुंजाले म्हणा, भेटाले भेत असशीन तं नको येऊ." ऐकलं ना तुमी सारे?

नऊ वर्षं झाले, आमचं बोलणं नाई. साऱ्या धाड गावाले माहीत हाय. आन् साऱ्या धाडले हेबी वाटते का पुंजानं देवमनाले जहाजावरून उतरोलं आन् सोता दोन वर्षं मजा मारली. मी परत आलो तवा हाच देवमन स्टँडावर उभा होता. "आला का पुंजा?" म्हणे. म्या तोंड फिरोलं. काऊन फिरोलं ते मले इचारू नका.

वाजले किती? साडेनऊ? वेळ हाय मंग. मी काई जाणार नाई. पण खरं काय झालं ते ऐकून घ्या. जहाजाचे किस्से म्हणजे वावरातली हराळी. एक उपटाले जावं तं मुळीसंग धा निंघतात. नऊ वर्षात कोणं उपटली नाई, लय माजली हाय.

* * *

महाराष्ट्र नवा नवा झालता तवाची गोष्ट. धाडात आमचं नाटक मंडळ होतं. मी पडदा ओढो, देवमन ग्यासबत्त्या सांभाळे. एका वर्षी तंबूवाली नाटक कंपनी आली आन् तिच्या मालकानं आमा दोघाले उचलून मुंबईले नेलं. सहा महिन्यात कंपनीच बसली!

घरी जावं तं तोंड नाई. निंघतानी बापानं सांगितलं होतं, "पुंजा, मलकापूरच्या कापसाच्या जिनात तू आठ दिवस टिकला, चिखलीच्या अडतीवर पंधरा. सारीकडून भांडून आला. आता दोन वर्षं भरल्याशिवाय या दारात पाय ठेवू नको." बुढा बोलला का करणारा होता.

तेवढ्यात खबर लागली, एका मोठ्या जहाजावर दोन माणसं पायजेत. मौजेले फिरणाऱ्या लोकाचं जहाज. मुंबईहून आफ्रिका, आन् परत. आत नाचगाण्याचा हॉल, हॉलात स्टेज, आन् स्टेजमागं आमच्यासारखे.

स्टेजमागचा मुख्य होता मिंगेल मेस्त, गोव्याचा. बुटका, पोट हे एवढं, कानावर पेन्सिल. त्यानं इचारलं, "अनुभव काय?"

देवमन म्हणे, "मेस्त, पाच हजार लोकासमोर पडदा ओढला यानं."

"पाच हजार? कुठे?"

"धाडच्या जत्रेत. नाटकाले पाचशेच होते, पण बाकीच्याचं तोंड इकडंच होतं!"

मेस्त हसला नाई. दोर फेकला मायाकडं. "बांध त्या खांबाला. जहाज हलतं. गाठ सुटता कामा नये."

म्या बांधला. मारका बईल खुंट्याले बांधतो ना आपण, तसा. मेस्तनं एका हातानं ओढून पायला. मंग दोन हातानं. मंग खांबाले पाय लावून. मंग दातानं! शेवटी घाम पुसत खाली बसला.

"नोकरी दिली तुला," म्हणे. "नाय तर माझा दोर कोण सोडनार?"

पण नोकरी कच्ची. हॉलाचा मॅनेजर गोरा साहेब होता. रागावला का मिरचीसारखा लाल होये, म्हणून आमी त्याले लाल साहेब म्हणो. त्यानं मायासमोर तीन बोटं धरली. मेस्तनं समजोलं, "पहिली फेरी कच्ची. एक चूक माफ, दुसरी माफ. तिसरीला जे बंदर येईल तिथे खाली."

मायं रगत तापलं. बोटं दाखोते मले! देवमनानं बरगडीत कोपर मारलं. "बोटं त्याचे हायेत बे, पण दार तुया बापाचं हाय. गप बस."

* * *

जहाजावर पह्यलं काय शिकलो, तं जे बांधलं नाई ते चालते. खुर्ची बांधलेली, पियानो बांधलेला, फुलदाणीबी बांधलेली. आमचं स्टेज गोठ्याएवढं. त्याच्यामागं आमची खोली. एकावर एक दोन पलंग. वरतं देवमन, खालतं मी.

दुसऱ्याच दिवशी समुद्रानं हात दाखोला. पोटात होतं ते सारं निंघालं, नव्हतं तेबी निंघालं.

सांगाले लाज वाटते, पण गावात देवमनाच्या घरचं पाणी म्या कधी पेलो नव्हतो. त्यायचं घर बौद्ध झाल्यावर तं आमच्या बुढ्यानं त्या गल्लीतून जाणंबी सोडलं होतं. आन् तठी देवमनानं मायं डोस्कं मांडीवर घेतलं, आपला जर्मनचा गलास माया तोंडाले लावला. सारा पेलो. म्हटलं, "आजूक दे."

तो म्हणे, "पाय, खालून हललं का माणूस वरचं इसरते."

म्या दुसरा गलास तोंडाले लावला. बोलाले तोंड रिकामं नव्हतं.

मंग मी पलंगावरून दोनदा खाली पडलो. देवमनानं काय करावं? आपल्या धोतरानं मले पलंगाले बांधून टाकलं! तेवढ्यात गाणारी मॅडम दार उघडून आत आली. तिले काईतरी सामान पायजे होतं. बांधलेला माणूस पायला आन् अशी किंचाळली का मेस्त पळत आला.

"काय रे, बांधला कशाला याला?"

देवमन थंडपणे म्हणे, "काई नाई मेस्त. रागीट हाय. गावाकडंबी बांधूनच ठेवतो."

त्या दिवसापासून मॅडम मायासमोरून जातानी भिंतीले घासून जाये!

* * *

पह्यला खेळ. आपल्याकडं नारळ फोडल्याबिगर पडदा वर जात नाई. मेस्तले म्हटलं, नारळ पायजे. तो गळ्यातला क्रूस धरून म्हणे, "फोड बाबा. देव कुठलाबी असो, पडदा वर गेला पायजे."

देवमनानं भटारखान्यातून नारळ आणला. म्या हाणला एका लोखंडी खांबावर. एका दणक्यात दोन भकलं!

आता पाय, गावात नारळाचं पाणी मातीत जिरते. जहाजावर माती कोठी? लाकडाची फळी, आन् तिच्यावर असं पालिश का तोंड पाहून दाढी करावी. पाणी गेलं पडद्याखालून वाहत पुढं. आमचं ध्यान नाई. आमी हात जोडून उभे.

पडदा वर गेला. लाल साहेब काळा कोट घालून, हात पसरून "लेडीज अँड जंटलमन" म्हणत आला, आन् जंटलमनवर पाय सटकला! बसल्या बसल्या स्टेजच्या या कडेपासून त्या कडेले गेला. बैठकीत बाई सरकत सरकत सारवते ना, तसा! सारा हॉल टाळ्याले लागला. लोकाले वाटलं, खेळातलंच हाय.

आत आला आन् माया नाकासमोर एक बोट धरलं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. साहेब आपला सांभाळून, एकेक पाऊल मोजून स्टेजवर आला. पह्यल्या रांगेत एक गोरी बुढी होती. ती नवऱ्याच्या कानात काई बोलली. मेस्तले ऐकू आलं, त्यानं आमाले सांगितलं. बुढी म्हणे, "आज बिचाऱ्याची तब्येत बरी नाही वाटतं!"

* * *

देवमनाचं सांगतो. मायासारखा तो नव्हता. तो कामाले लागला का तोंड बंद, डोळे उघडे. बत्तीवर त्याचा जीव. मेस्तच्या बत्त्या कशा फिरतात, कोणत्या खटक्यानं कोणती लागते, हे आठ दिवसात पाठ करून बसला. शाळा दुसरी नापास हो!

गाणारी मॅडम होती पन्नाशीची. स्टेजवर आली का पांढरा उजेड पडे आन् एकेक सुरकुती मोजून घ्यावी. ती रोज मेस्तसंग भांडे. मेस्त म्हणे, बत्ती काय करणार, बत्ती खोटं बोलत नाय.

देवमनानं एक दिवस बत्तीवर पातळ गुलाबी कागद लावला. मिठाईच्या डब्यातला, भटारखान्यातून आणलेला. मेस्तलेबी इचारलं नाई. मॅडम आली, गायली, आन् हॉलातले बुढे खुर्चीच्या पुढं सरकून बसले! धा वर्षं कमी झाले तिचे त्या कागदानं.

मेस्त वरच्या फळीवरून खालतं उतरला. मले वाटलं, आता देवमनाची खैर नाई. मेस्तनं कानावरची पेन्सिल काढून देवमनाच्या कानावर ठेवली. "पुढच्या फेरीपासून बत्त्या तुझ्या," म्हणे.

त्या दिवशी देवमन जेवला नाई. पेन्सिल पडन म्हणून मान हलोत नव्हता!

आन् दुसऱ्या दिवशी कोण यावं? लाल साहेब. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आन् मेस्तच्या कानात कुजबुजला. मेस्त पोट धरून हसला. "देवमन, साहेबाला पन तो कागद पायजे."

* * *

काय? पावणेदहा? बरं. बसा बे. एवढी घाई असन तं तुमीच जा त्याले पोचवाले.

धाडच्या मंडळाचा एक नियम होता. नाटकाआधी पुढारी भाषणाले उभा राहे. बोलू बोलू थकला का चष्मा काढून खिशात टाके. म्हणजे भाषण सपलं. तवाच पडदा ओढावा लागे, कारण दम घेऊ देल्ला का तो आजूक अर्धा तास बोले! म्हणून भाषणाच्या वक्ती माया हात दोरावर आन् डोळा चष्म्यावर.

जहाजावर एक दिवस मोठी मेजवानी. कप्तान स्टेजवर भाषणाले उभा. इंग्रजी. मले काय समजते! मी आपला चष्म्याकडं पाहून राह्यलो. पंधरा मिनिटं झाले. वीस झाले. लोकं जांभया देऊन राह्यले. तेवढ्यात कप्तानानं चष्मा काढला आन् खिशात टाकला.

म्या ओढला!

दोन्ही बाजूनं पडदा सरसर आला आन् मधी मिटला. कप्तान पडद्याच्या आत, आन् पेला धरलेला त्याचा हात पडद्याच्या बाहेर! तो एकटा हात हवेत. मंग त्या हातानं हळूच पेला हलोला, जशी काई लोकाची रजा घेऊन राह्यला, आन् आत गेला. मंग जो हशा पिकला!

देवमन कपाळाले हात लावून खालतं बसला. "पुंजा, धाड मागं राह्यलं बे!"

लाल साहेब आला. दोन बोटं. नुसते दोन बोटं, माया नाकाले टेकोले.

म्या पेटी बांधाले घेतली. मनात म्हटलं, कप्तानच तो, बंदराची वाट कायले पाहीन, मधातच टाकीन पाण्यात. सकाळी कप्तानाचा माणूस आला, चिठ्ठी घेऊन. मेस्तनं वाचली. कप्तानाच्या बायकोनं पाठोली होती. "पडदेवाल्याला सांगा, पुढच्या मेजवानीलाही यानेच राहावं."

पण साहेबाचे बोटं काई कमी झाले नाई. दोन म्हणजे दोन.

* * *

एक खेळ होता, हिंदुस्थानी गावाचा. मागं मोठा रंगवलेला पडदा. त्याच्यावर ताडाचे झाडं, एक हत्ती, आन् एक बैलगाडी. म्या पह्यल्यांदा पायली आन् डोस्कं फिरलं. बईलाच्या तोंडात लगाम! घोड्यासारखा!

"कोणं काढलं हे?" म्हटलं. "आणा त्याले! त्याच्या तोंडात देतो लगाम!"

मेस्त म्हणे, "अरे, साहेब लोकाला काय कळते?"

म्हटलं, "बईलाले कळते ना!"

देवमनानं रंगाचे डबे शोधून आणले. दुपारी हॉल रिकामा राहे. मी सांगो, तो रंगवे. लगाम पुसला, नाकात वेसण घातली. शिंगं वाकडे केले, वशिंड उचललं. एकाच्या कपाळावर पांढरा टिळा, कारण आमच्या घरच्या तांबड्याले तसा होता. हत्तीच्या जागी निंब. दोन दिवस लागले. पडदा असा झाला का मी त्याच्यासमोर उभा राह्यलो तं नाकाले शेणाचा वास आला, तुमची शपथ!

त्याच्या चार-पाच दिवसानं दुपारी एक बुढी आली हॉलात. नऊवारी लुगडं, हातात काठी. मलकापूरकडची. तिचा लेक आफ्रिकेत रेल्वेत होता, त्याच्याजवळ चालली होती. आमी पडदा टांगून राह्यलो होतो. ती स्टेजच्या पायऱ्या चढून थेट पडद्याजवळ गेली.

"ही जोडी कोणाची गा?"

देवमन म्हणे, "याची हाय माय."

ती मायाकडं वळली. "पोळ्याले घरी असान ना बापू?"

म्या मान हलोली, नाई म्हणून.

तिनं हात वर केला आन् त्या टिळ्यावर ठेवला. दोन शिंगाच्या मधात. आन् हळूहळू खाजवाले लागली, जसं आपण खाजवतो.

म्या तिच्यावर असा ओरडलो, असा ओरडलो! "हात काढ बुढे! रंग ओला हाय!"

बुढी भेऊन गेली बिचारी. देवमनानं तिचा हात धरून तिले पायऱ्यावरून खालतं नेलं. रंग वाळून तीन दिवस झालते.

* * *

आता वाजले किती? सव्वा? नीट पाय घड्याळ. सव्वादहा झाले?

मंग हा एक ऐका. हा म्या बापालेबी सांगितला नाई.

बईल पाणी पेते तवा आपण शीळ घालतो. हळू, लांब. तुमीबी घालता. शीळ ऐकून तो पोटभर पेते. मायं लहानपणापासून असं झालं का कोणाचं तोंड पाण्याले लागलेलं दिसलं का माया तोंडातून शीळ आपोआप निंघे. माणसाले पाहूनबी! पंगतीत किती शिव्या खाल्ल्या त्याच्यापायी.

आन् जहाजावर स्टेजमागं शीळ म्हणजे इशारा. मेस्त वरतं फळीवर बसे. खालून शीळ आली का तो दोर सोडे आन् वरचा पडदा खालतं येये. ही तिथली जुनी रीत. आमाले कोणं सांगितली नाई. तिथल्या लोकाले वाटे, हे काय सांगाची गोष्ट हाय?

मोंबासा एका दिवसावर होतं. मॅडम गाणं सपवून आत आली. घसा सुकलेला. तिनं गलास उचलला आन् गटगट पेवाले लागली. मी बाजूले उभा. हातात दोर. आन् निंघाली. एकच. लांब.

वरतं मेस्तनं दोर सोडला.

बईलजोडीचा तो पडदा, आन् त्याच्या बुडाले लाकडाचा दांडा, माणसाच्या मांडीएवढा जाड. समोर लाल साहेब पुढच्या खेळाचं सांगून राह्यला होता. दांडा त्याच्या पाठीमागं धाडकन पडला. कोटाची शेपटी दांड्याखाली! चार बोटं मागं उभा असता तं डोस्क्याचं टरबूज झालं असतं. हॉलात या वक्ती कोणं टाळी वाजोली नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज मोंबासाले लागलं. साहेबानं आमा आठ जणाले रांगेत उभं केलं. मेस्तनं खाली पाहूनच इचारलं, "शीळ कोनी घातली?"

सारे आपल्या पायाकडं पाहाले लागले. मॅडमले बोलावलं. तिले माहीत होतं, माया तोंडाजवळच तं होती. तिनं मायाकडं पाह्यलं आन् म्हणे, "अंधार होता."

मी बोलणारच होतो. तुमी माना नाई तं नका मानू. जीभ उचलली होती म्या. पण डोळ्यासमोर बाप आला. दारात उभा, कडीवर हात. जीभ तशीच राह्यली.

देवमन माया कानाजवळ पुटपुटला, "गप राह्य. मायं एकबी बोट झालं नाई. माफ होईन." आन् एक पाऊल पुढं गेला.

"म्या घातली," म्हणे.

देवमनाचे समोरचे दोन दात नाईत. लहानपणी वासरानं लाथ मारली तवाचे. पाह्यले तुमी. साऱ्या जहाजाले माहीत होतं. तो आन् शीळ!

साहेब त्याच्यासमोर आला. खूण केली, घाल.

देवमनानं ओठ आवळले. फुस्स!

कोणीतरी हसलं. साहेबानं पुन्हा खूण केली. देवमनानं छाती भरून दम घेतला. फुस्स! थुकी साहेबाच्या बुटावर. आता कोणी हसलं नाई.

साहेब लाल झाला नाई. तेवढा एकच दिवस. त्यानं देवमनाकडं पाह्यलं. मंग मायाकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग मेस्तले काईतरी बोलला. मेस्त म्हणे, "साहेब विचारतो, या तोंडानं घातली?"

देवमन म्हणे, "काल दात होते, साहेब."

साहेबानं शिडीकडं बोट केलं. मेस्तनं समजोलं, "खोटं बोलनाऱ्याला माफी नाय."

अर्ध्या तासात त्याची पेटी बांधून झाली. कानावरची पेन्सिल काढून त्यानं मेस्तच्या हातात देल्ली. शिडीवरून उतरला, पेटी खांद्यावर. खालतं धक्का, माणसंच माणसं. मायाच्यानं राह्यवलं नाई. कठड्यावर वाकलो आन् जीव खाऊन ओरडलो, "तुले कोणं सांगितलं होतं बे? कोणं सांगितलं होतं तुले?"

तो थांबला. पेटी खाली ठेवली. वरतं पाह्यलं. मंग त्यानं तोंडात दोन बोटं घातली आन् गाल फुगोले.

एवढ्या उंचावर काई ऐकू आलं नाई.

काय पाहून राह्यला माया तोंडाकडं, शालिक? ऊठ. सायकल काढ. गाडी स्टँडावरून निंघाली असन तं बुलढाण्याच्या रस्त्यावर सायकल आडवी टाक. डायवर शिव्या देईन, खाय. कंडक्टर मारीन, मार खाय. म्या येईलोक गाडी हालू देऊ नको.